टँकर मागवण्याआधी टाकीत पट्टी घाला

पुण्याच्या आसपास, म्हणजे वाघोली, उंड्री, बावधन, वाकड, हिंजवडी या पट्ट्यात सोसायटीच्या पाण्याचा विषय मार्चमध्ये निघतो, आणि निघतो तो टँकरच्या बिलावरून. मग सर्वसाधारण सभेत पावसाचं पाणी जिरवायचा ठराव होतो, मे महिन्यात कुठेतरी खड्डा खणला जातो, आणि पुढच्या मार्चला टँकर तेवढेच येतात. खड्डा वाईट नसतो, क्रम चुकलेला असतो. आधी मोजणी, मग गळती, मग नळ, आणि पाऊस सगळ्यात शेवटी.

खालच्या सगळ्या हिशेबांसाठी एकच इमारत धरली आहे: ४० फ्लॅट, १६० माणसं, ४०० चौरस मीटर गच्ची, खाली ६ बाय ४ मीटरची अंडरग्राउंड टाकी, वर ४ बाय २.५ मीटरची ओव्हरहेड टाकी, महापालिकेचं कनेक्शन आणि एक बोअर. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी दिवसाला १३५ लिटर, त्यातले ४५ लिटर फ्लशचे. म्हणजे या इमारतीला रोज २१,६०० लिटर पुरायला हवेत. तुमची माणसं खरोखर किती हे आधी मोजून घ्या. फ्लॅटला चार हा अंदाज भाडेकरू मुलांच्या फ्लॅटांमध्ये साफ कोसळतो.

रात्री एक ते चार

टाकीची आतली लांबी आणि रुंदी मीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि त्याला दहाने गुणा. हे झाले एक सेंटिमीटर पाण्याचे लिटर. खालची टाकी ६ × ४ = २४, म्हणजे सेंटिमीटरला २४० लिटर. वरची ४ × २.५ = १०, म्हणजे सेंटिमीटरला १०० लिटर. मधल्या भिंतीने टाकीचे घरगुती, फ्लश आणि आगीच्या पाण्याचे कप्पे केले असतील, तर प्रत्येक कप्प्याचा आकडा वेगळा काढा. एका पीव्हीसी पाइपवर सेंटिमीटरच्या खुणा करून तो टाकीच्या तोंडाशी कायमचा ठेवून द्या. वॉचमनला रोज एकाच वेळी पट्टी बुडवून वहीत लिहायला सांगा.

आता रात्रीची मोजणी. साडेबाराला पंप बंद करा आणि वरच्या टाकीत येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्हही बंद करा. एक वाजता पातळी बघा, चारला पुन्हा बघा. समजा ६ सेंटिमीटर उतरली. म्हणजे ६०० लिटर. त्या वेळात कुणी उठणारच. पंधरा वेळा फ्लश झाला असं धरून १५० लिटर वजा करा. उरले ४५० लिटर तीन तासांत, ताशी १५०, दिवसाला ३,६००. वरच्या टाकीतून पाणी उताराने येतं, दाब रात्री आणि दिवसा सारखाच, त्यामुळे रात्रीची गळती चोवीस तास धरायला हरकत नाही. महिन्याचे १,०८,००० लिटर झाले, दहा हजार लिटरचे जवळजवळ अकरा टँकर. कुठे ओल नाही, कुणाची तक्रार नाही, आणि अकरा टँकर गटारात.

दुसऱ्या रात्री टाकीखालचे सगळे डाऊनटेकचे, म्हणजे टाकीतून खाली घरांकडे उतरणाऱ्या पाइपांचे, व्हॉल्व्ह बंद करून हीच मोजणी करा. तरीही पातळी उतरली तर टाकी गळते आहे, किंवा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत. दुसरं जास्त वेळा आढळतं: बोअरच्या क्षाराने जुन्या गेट व्हॉल्व्हची सीट (झडप बसते ती जागा) भरते, चाक शेवटपर्यंत फिरतं पण पाणी थांबत नाही. असे व्हॉल्व्ह बदलताना बॉल व्हॉल्व्ह घाला. टाकी ठीक निघाली तर तिसऱ्या रात्री निम्मे डाऊनटेक उघडे, निम्मे बंद. ज्या निम्म्यात पातळी उतरते त्याचे पुन्हा दोन भाग. चार-पाच रात्रींत गळती एका डक्टपर्यंत, म्हणजे पाइप उतरतात त्या एका उभ्या पोकळीपर्यंत, येऊन पोचते. रोज नोटीस लावायला विसरू नका, नाहीतर पहाटेच्या शिफ्टला जाणाऱ्याच्या डोक्याला साबण आणि नळाला हवा.

खालच्या टाकीचीही अशीच रात्र काढा: पंप बंद, महापालिकेची लाइन बंद. पातळी उतरली तर भेग आहे. पातळी चढली तर प्रकरण गंभीर. बाहेरचं पाणी आत शिरतंय, आणि शेजारी ड्रेनेजचा चेंबर असेल तर ते कसलं पाणी आहे हे वेगळं सांगायला नको. ती टाकी ताबडतोब पिण्यातून काढा, रिकामी करून दुरुस्त करून घ्या.

फ्लशचा वॉशर

गळती एका डक्टपर्यंत आली की दहापैकी आठ वेळा गुन्हेगार फ्लशची टाकी असते. नळ टपकला की आवाज येतो, डाग पडतो. फ्लश भांड्याच्या मागच्या भिंतीवरून पापुद्र्यासारखा वाहतो आणि कुणाला दिसत नाही.

तपासणी सोपी आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याचा लाल रंग अर्धा चमचा टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात लाली उतरली की खालचा वॉशर गेला. भिंतीत बसवलेली टाकी असेल आणि झाकण काढता येत नसेल, तर भांड्याची मागची आतली बाजू कोरडी पुसून तिथे टिश्यूपेपरची पट्टी चिकटवा. दहा मिनिटांत ती भिजली की उत्तर मिळालं.

वॉशर बदलण्याआधी काढून हाताने चाचपा. रबर कडक झालेलं असेल तर बदला. मऊ असेल पण त्यावर खरखरीत पांढरा थर असेल, तर तो क्षार आहे. वॉशर आणि तो ज्या सीटवर बसतो ती सीट, दोन्ही लिंबूसत विरघळवलेल्या कोमट पाण्याने घासा. नवीन वॉशर जुन्या खडबडीत सीटवर बसवला की तो दोन महिन्यांत पुन्हा गळतो, आणि दोष मात्र वॉशरच्या कंपनीला जातो. दुसरं कारण फ्लोटचं. फ्लोट वर लावलेला असला की पाणी मधल्या ओव्हरफ्लोच्या नळीतून सतत आत सांडतं. पातळी नळीच्या तोंडापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली राहील इतका फ्लोट उतरवा. दोन बटणांच्या फ्लशमध्ये बटण दाबल्यावर अडकून राहतं, तेही बघा.

ही तपासणी घराघरांत सोडू नका. सोसायटीनेच प्लंबर ठरवून, वॉशरचे तीन-चार प्रकार एकदम आणून, दोन रविवारांत सगळे संडास उरकावेत. ज्याच्या घरी गळतं त्याला बिल वेगळं येत नाही, म्हणून तो बोलवत नाही. खर्च सोसायटीच्या खात्यातून केला तर दारं उघडतात.

टपकणाऱ्या नळातून किती जातं हे सांगायला पेला पुरतो. पंधरा मिनिटांत पाव लिटर जमलं, तर ताशी एक, दिवसाला २४ लिटर.

वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो मात्र जरूर बघा. बऱ्याच ठिकाणी त्याचा पाइप पावसाच्या पन्हाळीत सोडलेला असतो, त्यामुळे टाकी भरून वाहिली तरी कुणाला पत्ता लागत नाही. तो पाइप वॉचमनच्या केबिनसमोर, सगळ्यांना दिसेल असा उतरवा. पंप आपोआप बंद करणाऱ्या सेन्सरच्या सळ्यांवर बोअरच्या पाण्यात पांढरी पुटं चढतात आणि टाकी भरली आहे हे त्यांना कळतच नाही. तीन महिन्यांतून एकदा त्या खरवडून घ्या, किंवा सळ्यांऐवजी तरंगणारा फ्लोट स्विच लावा.

नळ: कुठे अडवायचं, कुठे नाही

एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळणारी नळाच्या तोंडाची जाळी, बेसिनच्या आणि स्वयंपाकघरातल्या सिंकच्या नळाला लावा. बादली लावून मिनिटभर नळ सोडा. दहा-बारा लिटर पडत असतील तर एरेटरने ते चार-सहापर्यंत आणता येतात, आणि भांडी घासणाऱ्या मावशींची तक्रार येत नाही. तीन लिटरचा एरेटर सिंकला लावला तर भांड्याचा साबण निघत नाही आणि आठवड्यात तो खुंटीला टांगलेला दिसतो. बाथरूममधल्या बादलीच्या नळाला एरेटर लावणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय: बादली वीस लिटरचीच भरणार, फक्त उशिरा.

उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर दाब बघा. दहा मीटर उंचीमागे साधारण एक किलोचा (चौरस सेंटिमीटरवर) दाब येतो. अकराव्या मजल्यावरच्या टाकीखाली पहिल्या मजल्याला तीन किलो मिळतात. तिथे नळ जरा उघडला तरी पाणी उसळतं आणि वॉशर लवकर झिजतात. खालच्या चार-पाच मजल्यांच्या डाऊनटेकवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून तो दीड ते दोन किलोवर लावा. त्याच्या अलीकडे गाळणी हवीच. बोअरची बारीक रेती आत गेली की तो अडकतो आणि दाब पुन्हा पूर्ववत होतो.

गच्चीवरचा सोलर हीटर हा पाणी खाणारा आणखी एक गुपचूप प्रकार. आतून २५ मिलिमीटरच्या पाइपमध्ये मीटरला जवळजवळ अर्धा लिटर पाणी मावतं. गच्चीपासून तीस मीटर लांबच्या बाथरूममध्ये गरम पाणी येईपर्यंत पंधरा लिटर गार पाणी मोरीत जातं, रोज सकाळी. गरम लाइनला परतीचा पाइप आणि छोटा पंप जोडून तो टायमरवर पहाटे साडेपाच ते आठ चालवा. ते जमणार नसेल तर पाइपला निदान इन्सुलेशन गुंडाळा, आणि पहिली बादली धुण्याला वापरा.

आरओ यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर फेकतं. खडकवासल्यातून येणारं नळाचं पाणी हलकंच असतं. त्याला यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचं यंत्र, पुरतं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची भारतीय मानकातली इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. हे क्षार मोजणारा स्वस्तातला टीडीएस मीटर घेऊन आधी मोजा. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर आरओ लागत असेल, तर फेकलेलं पाणी लादी पुसायला आणि संडास धुवायला वापरा. कुंड्यांना रोज घातलं तर मातीवर पांढरा थर येतो आणि तुळस आधी मान टाकते.

वेळ ठरवून पाणी सोडण्याबद्दल

टंचाई आली की समिती सकाळी दीड तास, संध्याकाळी एक तास असं वेळापत्रक लावते. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकाच दिवसाआड पाणी देते आहे, त्यामुळे ही सवय अंगवळणीही पडली आहे. वापर मात्र वाटतो तितका घटत नाही. प्रत्येक घर पिंप, बादल्या, पातेली भरून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी नवं पाणी आलं की कालचं ‘शिळं’ म्हणून ओतून देतं. नळ उघडा राहिला असेल तर पाणी आल्यावर तो तसाच वाहतो. रिकाम्या पाइपमध्ये बाहेरची घाण ओढली जाते ती वेगळीच.

त्यापेक्षा मीटर लावा. पुण्यातल्या जुन्या बांधणीत एका फ्लॅटला तीन-चार डक्टमधून पाणी येतं: स्वयंपाकघर, दोन संडास-बाथरूम, कधी धुण्याची जागा. म्हणून फ्लॅटवार मीटर म्हणजे चाळीस फ्लॅटना दीडशे मीटर, आणि तो ठराव सभेत तिथेच पडतो. प्रत्येक डाऊनटेकवर एक मीटर लावणं जमतं. मीटर गच्चीवर आडव्या पाइपात, पाइप नेहमी पूर्ण भरलेला राहील अशा ठिकाणी बसवा. हवा गेली की काटा फुकट पळतो. रोज सकाळी सहाला वाचन घ्या आणि डक्टवार आकडे लिफ्टशेजारी लावा. एका डक्टचा आकडा शेजारच्या डक्टपेक्षा अचानक वाढला, तर रात्रीची मोजणी फक्त तिथेच करावी लागते.

टँकर घ्यावाच लागला तर

तीच पट्टी इथेही वापरा. टँकर ओतण्याआधी पंप आणि महापालिकेची लाइन बंद करा, पातळी लिहा, ओतून झाल्यावर पुन्हा लिहा. २४ चौरस मीटरच्या टाकीत दहा हजार लिटरने पातळी जवळपास ४२ सेंटिमीटर चढली पाहिजे. ३६ चढली तर आठ हजार सहाशेच आले. दोन वेळा चालकासमोर पट्टी बुडवून दाखवली की तिसऱ्या टँकरपासून माप सुधारतं.

मग क्लोरीन. दहा हजार लिटरला ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ४० ते ५० ग्रॅम. बादलीभर पाण्यात ढवळा, चुना खाली बसू द्या आणि वरचं नितळ पाणीच टाकीत घाला. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून रंगावरून क्लोरीन बघायची चाचणी, करा: लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. उघड्या पुडीतल्या जुन्या पावडरीत दम राहत नाही, म्हणून मोजमाप वजनाचं असलं तरी निकाल टेस्टचाच धरा.

आता पाऊस

शिवाजीनगरला वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेला मुळशीकडे तो वाढतो, पूर्वेला वाघोलीकडे कमी होतो. ४०० चौरस मीटर गच्ची × ०.७ मीटर × ०.८ (बाकीचं उडतं, शोषलं जातं) = २,२४,००० लिटर. आकडा मोठा दिसतो, पण या इमारतीचं ते दहा दिवसांचं पाणी आहे. रात्रीच्या मोजणीत सापडलेली ३,६०० लिटरची गळती वर्षाला तेरा लाखांवर जाते, गच्चीवरच्या पावसाच्या जवळजवळ सहापट. वॉशर खड्ड्याच्या आधी का, याचं उत्तर एवढंच आहे.

तरी पाणी जिरवाच. बोअर एप्रिलऐवजी मेमध्ये आटते, क्षार कमी होतात. शिवाय राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना ही व्यवस्था बंधनकारक आहे, आणि पुणे महापालिका चालू व्यवस्थेसाठी मिळकतकरात सवलतही देते.

सगळ्यात आधी पन्हाळी तपासा. बाल्कनीतल्या मोरीचं, म्हणजे वॉशिंग मशीनचं पाणी अनेक इमारतींत पावसाच्याच पाइपला जोडलेलं असतं. प्रत्येक बाल्कनीत रंगीत पाणी ओता आणि खाली कुठे निघतं ते बघा. पावसाच्या पाइपातून रंग आला, तर तो पाइप वेगळा केल्याशिवाय बोअरकडे न्यायचाच नाही. पार्किंगमधलं तेलकट पाणीही बोअरला चालत नाही.

मग जमीन. पुण्याखाली काळा बसाल्ट आहे. अखंड पाषाण पाणी घेत नाही. घेतो तो मुरूम आणि भेगाळलेला खडक. खड्डा ठेकेदाराच्या नकाशावरून ठरवू नका. फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा मुरमापर्यंत खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी ताशी किती सेंटिमीटर उतरतं ते मोजा. एक-दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर तिथे पैसे घालू नका. जुन्या बोअरची परीक्षा एका टँकरने होते: दहा हजार लिटर स्वच्छ पाणी ओता. तासाभरात घेतलं तर ती उत्तम. तोंडापर्यंत येऊन उभं राहिलं तर ती बोअर पावसातही तेच करणार. आवारात जुनी विहीर बुजवायची राहून गेली असेल तर तिच्याइतकी चांगली जागा नाही. गाळ काढा आणि पाणी तिच्यात सोडा.

गच्चीचं पाणी बोअरमध्ये जाण्याआधी गाळायला चेंबर लागतो. हा गाळणीचा चेंबर एक मीटर लांब-रुंद आणि सव्वा मीटर खोल, पायापासून आणि तळघराच्या भिंतीपासून निदान पाच मीटर, ड्रेनेजच्या चेंबरपासून दहा-पंधरा मीटर लांब. त्याच्या आधी एक छोटा चेंबर गाळ बसायला. भराव खालून वर: ४० मिलिमीटरची खडी ३० सेंटिमीटर, २० मिलिमीटरची खडी २० सेंटिमीटर, मग नायलॉनची जाळी, तिच्यावर धुतलेली जाड वाळू ३० सेंटिमीटर. वर उरलेली जागा पाणी साठायला. जाळी विसरली की पहिल्याच मोठ्या सरीत वाळू खडीत उतरते आणि पुढे बोअरमध्ये. खडी आणि वाळू पाणी नितळ निघेपर्यंत धुऊनच भरा. क्रशरची भुकटी तशीच गेली की तिचा चिखल तळाशी बसतो.

पन्हाळीच्या तळाशी, गाळणीच्या आधी एक टी (तीन तोंडांचा पाइपचा जोड) आणि व्हॉल्व्ह हवा. मोसमातल्या पहिल्या सरी, आणि मध्ये आठवडाभर उघडीप पडली तर नंतरची पहिली सर, त्यातून बाहेर सोडा. दोन मिलिमीटर पाऊस म्हणजे या गच्चीवरचे ८०० लिटर. कबुतरांची विष्ठा आणि धूळ त्यातच जाते. व्हॉल्व्ह फिरवायचं काम एका माणसाच्या नावावर असू द्या. चेंबरला ओव्हरफ्लोही हवा, थेट पावसाळी गटाराकडे. ढगफुटीसारख्या सरीत गाळणी सगळं घेऊ शकत नाही आणि ओव्हरफ्लो नसेल तर पाणी लिफ्टच्या खड्ड्यात जातं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात गच्ची झाडा, तोंडावरच्या जाळ्या बसवा, वाळूचा वरचा पाच सेंटिमीटर थर काढून धुवा. ऑगस्टमध्ये एकदा झाकण उघडा. वाळूवर राखाडी साय धरली असेल आणि पाणी वर साचून राहत असेल तर ती खरवडून काढा. आठवड्याहून जास्त साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास होतो, म्हणून झाकण घट्ट आणि हवेच्या पाइपला बारीक जाळी. आणि बोअरमधली पातळी ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल अशी तीनदा मोजून त्याच वहीत लिहा, टाकीच्या आकड्यांच्या शेजारी.